चुन्याची निवळी

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून पाठवावेत असे शाळेचे पत्र आले, तेव्हा मैदान, प्रार्थना, स्नेहसंमेलन असे पुष्कळ काही लिहायचे मी मनाशी योजले होते. पण लिहायला बसल्यावर बाईंखेरीज दुसरे काही सुचेना. कोणत्या बाई, हे १९८६ च्या दहावीच्या तुकडीला सांगायला नको.

प्रसंग तसा किरकोळ आहे. नववीत खाण्याच्या सोड्यावर विरल आम्ल टाकून निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडण्याचा प्रयोग होता. निवळी दुधाळ व्हायला हवी होती, ती काही होईना. मी मात्र जर्नलमध्ये ‘निवळी दुधाळ झाली’ असे बिनदिक्कत लिहून टाकले. बाईंनी त्यावर लाल रेघ मारली आणि विचारले, “झाली का रे दुधाळ?” मी गप्प. “मग जे दिसलं ते लिही. पुस्तकातलं मला पाठ आहे.” मग त्यांनी फडताळातली बाटली काढून सगळ्यांना दाखवली. बूच सैल राहिले होते आणि पाण्यावर पांढरी साय धरली होती. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने आमचा प्रयोग आधीच उरकून घेतला होता. त्याच संध्याकाळी बाईंनी जांभळी नाक्यावरच्या पानवाल्याकडून चुना आणला, तो पाण्यात कालवून रात्रभर ठेवला आणि सकाळी वरचे नितळ पाणी गाळून नवी निवळी केली. ती एका फुंकरीत दुधाळ झाली.

त्याच तासाला त्यांनी रसायनशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांची गोष्ट सांगितली. १८८२ साली झुरिचला मायर वर्गात बेंझिनची रंगपरीक्षा दाखवत होते. आयसॅटिन आणि सल्फ्युरिक आम्ल घातले की निळा रंग यायचा. त्या दिवशी आला नाही. नेहमीचे बेंझिन दगडी कोळशाच्या डांबरातून काढलेले असे, त्या दिवशीचे सहायकाने बेंझॉइक आम्लापासून तयार केलेले, म्हणजे शुद्ध होते. निळा रंग यायचा तो डांबरी बेंझिनमध्ये मिसळलेल्या एका गंधकयुक्त संयुगामुळे, आणि तेच थायोफीन. ज्या विषमवलयी, म्हणजे वलयात कार्बनखेरीज दुसराही अणू असलेल्या, संयुगांच्या संश्लेषणात मी पुढे उमर घालवली, त्यांच्याशी माझी पहिली भेट ही अशी झाली. (आयसॅटिनही त्याच कुळातले, हे कळायला मला एम.एस्सी. उजाडावी लागली.)

माटुंग्याला पीएच.डी. करून मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका औषध कंपनीत लागलो. २००५ पूर्वी आपल्याकडे औषधाच्या रेणूला पेटंट नसे, ते फक्त कृतीला मिळे. त्यामुळे ठाऊक असलेला रेणू निराळ्या वाटेने बांधणे हेच आमचे काम होते. माझ्या वाट्याला रक्तदाबावरच्या निफेडिपिनच्या जातीची डायहायड्रोपिरिडिन, म्हणजे वलयात नायट्रोजन असलेली संयुगे, आली. आल्डिहाइड, असिटोअसिटेट एस्टरचे दोन रेणू आणि अमोनिया एकाच फ्लास्कमध्ये घालून उकळले की वलय आपोआप मिटते. हान्ट्झ यांची ही एकोणिसाव्या शतकातली अभिक्रिया आजही मला नवल वाटायला लावते. एका संयुगाच्या टीएलसीवर (नमुन्यातले घटक वेगवेगळ्या ठिपक्यांनी दाखवणाऱ्या पट्टीवर) मात्र कधी एक जास्तीचा ठिपका दिसे, कधी दिसत नसे. अहवालाला स्वच्छ पट्टी तेवढी जोडा, असे वरिष्ठांचे म्हणणे पडले. मी ठिपका आला त्या दिवशी वहीत ठिपका काढला, नाही आला त्या दिवशी नाही, आणि शेजारी वेळ व टेबलाची जागा लिहीत गेलो. तीन आठवड्यांनी वही चाळताना लक्षात आले की ठिपक्याचे सगळे नमुने खिडकीजवळच्या टेबलावरचे होते. उजेडाने आमचे वलय ऑक्सिडीकरण होऊन पिरिडिन बनत होते. ही जात प्रकाशाला हळवी असते हे मी वाचलेले होते, तरी माझ्या ते ध्यानात आले नव्हते. त्यानंतर ते काम पिवळ्या दिव्याखाली आणि तपकिरी बाटल्यांतून होऊ लागले. पुढे माझ्या नावावर काही पेटंट लागली, पण त्या वहीइतका अभिमान मला त्यांचा वाटत नाही.

हे बाईंना सांगायचे राहिले. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत रबाळे ते नौपाडा एवढे अंतर मला वर्षानुवर्षे कापता आले नाही, आणि आता सांगायला त्या नाहीत.

मागच्या वर्षी शाळेत आलो, तेव्हा प्रयोगशाळेच्या जागी मोठा पडदा लावलेला दिसला. मुले शिस्तीत बसून प्रयोग पाहत होती. पडद्यावरची निवळी दर वेळी दुधाळ होते.

नववीचे ते जर्नल अजून माझ्याकडे आहे. लाल रेघेखाली ‘निवळीत बदल दिसला नाही’ हे माझे वाक्य, बाईंची सही आणि दहापैकी नऊ गुण. एक गुण आकृतीतल्या वायुवाहक नळीला नाव दिले नाही म्हणून कापलेला आहे.