न दुखणारा पाय

ज्ञानोबांची पालखी वेळापूरला मुक्कामी होती. आमच्या उपचाराच्या तंबूत पायाचे फोड, गुडघेदुखी आणि जुलाब यांची रांग लागलेली. सत्तरीचे एक बाबा पित्ताची गोळी मागायला आले. गोळी घेऊन वळले, तर ताडपत्रीवर रक्ताचे ठसे!

त्यांना बसवून पाय धुतला. अंगठ्याखालच्या गादीत बाभळीचा काटा मोडला होता, भोवती पू झाला होता. कधी मोडला, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

“डॉक्टर माउली, माझे पाय दुखतच नाहीत. पांडुरंगाची कृपा!”

मला मात्र भीती वाटली. सूनबाई म्हणाल्या, “शुगर आहे त्यांना, बरीच वर्षं झाली. रात्री पायांची आग आग होते म्हणतात.”

काटा मोडला की खरं तर दोन कळा येतात. पातळ आवरणाच्या चेतातंतूंतून सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने जाणारी तीक्ष्ण कळ पहिली. मागून येते ती रेंगाळणारी ठणक. तिच्या तंतूंना आवरण नसतं, वेग सेकंदाला जेमतेम अर्धा ते दोन मीटर. मेंदूला कळायच्या आत मज्जारज्जूच पाय उचलायला लावतो. पाठीच्या कण्यापासून बोटांपर्यंतचे हे तंतू शरीरातले सर्वांत लांब. मधुमेहात बहुधा त्यांचीच टोकं आधी झिजतात. बाबांच्या पायातून निरोप निघतच नव्हता.

१० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू मी त्यांच्या तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. मिटल्या डोळ्यांनी बाबा गप्प. मग सूनबाईंना डोळे मिटायला सांगून त्यांच्या तळव्याला तोच तंतू लावला. दर वेळी “हो” आलं. बाबा बघत राहिले.

“मग रात्री आग कशी होते?” त्यांनी विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता. मी सांगितलं, “दुखावलेले तंतू बाहेर काही नसतानाही आपोआप निरोप धाडत राहतात. खरा काटा कळत नाही आणि नसलेला विस्तव जाणवतो.”

काटा काढला, पू वाहू दिला, जखम धुऊन पट्टी बांधली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. ग्लुकोमीटरवर साखर ३०० च्या वर होती. जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेलाय का, हे एक्स-रेशिवाय कळणार नव्हतं. रुग्णालयात जायला बाबा तयार होईनात. भंडीशेगाव आणि वाखरी, एवढेच मुक्काम उरले होते. चालणाऱ्याला तिथे थांबवणं किती कठीण, हे वारी केलेल्यालाच कळेल. मी हात जोडले. म्हटलं, “बाबा, हा पाय तुम्हाला थांब म्हणणार नाही, म्हणून मी म्हणतोय.”

१०८ ची गाडी आली. ते सुनेचा हात धरून चढले. दिंडीप्रमुख शेजारीच उभे होते. त्यांनी दिंडीतल्या शुगरवाल्या सगळ्यांना चपला काढून तंबूत बसायला सांगितलं, आणि पहिला पाय स्वतःचाच पुढे केला.