३८ टॉर्पेडो आणि एक ‘सध्या’

नव्या अनुवादकांचा सबटायटलवर हात बसावा म्हणून ‘स्टार ट्रेक: व्हॉएजर’च्या पहिल्या सीझनचे भाग आम्ही सरावाला देतो. १९९५ ते २००१ अशी ७ सीझन चाललेली ही ‘व्हॉएजर’ नावाच्या अंतराळयानाची इंग्रजी मालिका. संवाद स्पष्ट ऐकू येतात आणि अडवणाऱ्या जागा भरपूर आहेत. परवा ‘द क्लाउड’ या भागाची सराव फाईल तपासताना एका शब्दाशी थांबलो, तो अजून डोक्यातून जात नाही.

यान घरापासून ७०,००० प्रकाशवर्षं लांब फेकलं गेलंय, पूर्ण वेगाने निघालं तरी परतायला ७५ वर्षं लागणार. ऊर्जेची टंचाई एवढी की खाणंपिणं बनवून देणाऱ्या रेप्लिकेटर यंत्रावर रेशन आलंय आणि खुद्द कॅप्टन जेनवे कॉफीला मुकल्यात. ऊर्जा मिळेल म्हणून यान एका तेजोमेघात शिरतं आणि आत अडकतं. जेनवेंच्या हाताखालचा अधिकारी चकोटे सांगतो, आपल्याकडे ३८ फोटॉन टॉर्पेडो, म्हणजे यानातून डागायची अस्त्रं, आहेत. जेनवेंचं उत्तर: संपले की नवे मिळायचा मार्ग नाही.

पुढची सातही वर्षं हे यान टॉर्पेडो सोडतच राहतं. चाहत्यांनी भागामागून भाग मोजत हिशेब ठेवला आणि ३८ चा आकडा केव्हाच मागे पडला. नवे कुठून आले, याचा सरळ खुलासा मालिकेत येत नाही. पाचव्या सीझनमध्ये हीच मंडळी डेल्टा फ्लायर नावाचं अख्खं छोटं यान बांधतात, तेव्हा टॉर्पेडोही बनवले असतील, असा तर्क करता येतो. पण तो तर्क प्रेक्षकाचा.

फाईलमधली ओळ होती: ‘आणि संपले की सध्या नवे मिळायचा मार्ग नाही.’

मूळ संवादात ‘सध्या’ नाही. मी विचारलं तेव्हा फाईल करणारी नवी अनुवादक मुलगी शांतपणे म्हणाली, “सर, सगळे सीझन पाहिलेत मी. इथे ‘सध्या’ टाकलं की पुढचं सगळं जुळतं.”

खरंच जुळतं. लेखकांच्या आख्ख्या चमूकडून राहिलेलं भगदाड तिने अडीच अक्षरांत बुजवलं होतं. ओळ ४२ अक्षरांच्या आत होती, वाचायला पुरेसा वेळ होता, आधीच्या सबटायटलपासूनचं अंतर बरोबर होतं. सॉफ्टवेअरने एकही लाल खूण दिली नाही. लाल खूण नाही म्हणजे फाईल पास, असं समजणारे तपासनीस आमच्या धंद्यात फार झालेत. मूळ आवाज कानाला लावून ओळ वाचल्याशिवाय असला शब्द हाती लागत नाही.

मी तो काढला. त्या क्षणी जेनवेंना पुढचे सीझन माहीत नाहीत. त्यांच्या लेखी प्रत्येक टॉर्पेडो कायमचा जाणार आहे आणि प्रसंगाचा सगळा ताण त्यावर उभा आहे. ‘सध्या’ आलं की जेनवे गोदामातून माल यायची वाट बघणाऱ्या वाटतात. यानावरचा दुसरा अधिकारी टुवॉक, त्याच्या बाबतीतही हाच नियम. सुरुवातीच्या भागांत त्याच्या कॉलरवर दोन सोनेरी आणि एक काळी टिकली दिसते, म्हणजे लेफ्टनंटच्या वरच्या, लेफ्टनंट कमांडर या पदाची. हाक मात्र ‘लेफ्टनंट’ अशीच येते आणि ती बढती त्याला मिळते थेट १९९७ च्या ‘रिव्हल्शन’मध्ये. आपण कानाला ऐकू येतं ते लिहायचं, कॉलर सुधारायची नाही. स्टारडेट, म्हणजे मालिकेतली आकड्यांत सांगितलेली तारीख, तीही तशीच. पहिल्या भागात ४८३१५.६, शेवटच्यात ५४९७३.४, वर्षाला साधारण १००० एककं. हजाराच्या घरातला एक अंक चुकला तर कथा वर्षभर सरकते, म्हणून तो आकडा टाईप करायचा नाही, मूळ इंग्रजी ओळींच्या टेम्प्लेटमधून उचलायचा.

हे सगळं तिला पटलं. मग तिने दुसऱ्या सीझनमधल्या ‘रिझोल्यूशन्स’चं काढलं. आजारामुळे जेनवे आणि चकोटे एका ग्रहावर दोघंच राहतात, जवळ येतात, आणि शेवटी यानावर परतल्यावर पुन्हा कॅप्टन आणि हाताखालचा अधिकारी होतात. इंग्रजीत आधी, मधे, नंतर एकच सर्वनाम. मराठीत ‘तुम्ही’ ठेवलं तर ग्रहावरची जवळीक कोरडी पडते. ‘तू’ केलं तर परतल्यावर पुन्हा ‘तुम्ही’ कोणत्या ओळीला करायचं, तेही आपणच ठरवायचं.

“म्हणजे इथे आपण भर घालतोच ना, सर?”

घालतो. आवाजात आणि नजरेत जे आहे ते मराठीत क्रियापदात उतरवावं लागतं, एवढंच मी म्हणालो. ते तिला पुरलं नाही, मलाही पुरत नाहीये.

‘कोण कोणाला काय म्हणतं’ हा तक्ता आम्ही प्रत्येक मालिकेसाठी ठेवतो. ‘द क्लाउड’ची ओळ ‘सध्या’शिवाय गेली. तक्त्यात ‘रिझोल्यूशन्स’समोर तिने पेन्सिलीने ‘तू’ लिहिलंय. मी ते खोडलेलं नाही आणि त्यावर शाईही फिरवलेली नाही.