रंगवणार असाल तर दोनशे डॉलर

दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी अमेरिकेतल्या १२७ क्रमांकाच्या हायवेच्या दोन्ही कडांना लोक घरातले नकोसे झालेले सामान मांडतात आणि रविवारी संध्याकाळपर्यंत ते आवरत नाहीत. उत्तरेला मिशिगनमधील ॲडिसनपासून दक्षिणेला अलाबामातील गॅड्सडनपर्यंत ६९० मैल, सहा राज्यांतून जाणारी ही रांग जगातील सर्वांत लांब यार्ड सेल म्हणून मिरवते. टेनेसीतील फेंट्रेस काउंटीचे तेव्हाचे कार्यकारी प्रमुख माइक वॉकर यांनी १९८७ साली ही कल्पना काढली, ती इंटरस्टेटवरून, म्हणजे मोठ्या आंतरराज्य महामार्गावरून, भरधाव निघून जाणारी वाहने आडबाजूच्या गावांकडे वळावीत म्हणून. वाहने वळवण्यात त्यांना इतके यश आले आहे की केंटकीतल्या लिबर्टी गावाच्या अलीकडे आमची गाडी चालण्यापेक्षा थांबलेलीच अधिक होती.

आम्ही म्हणजे मी, माझा नवरा आणि पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई. आम्ही सिनसिनाटीत राहत असल्यामुळे ही रांग आमच्या जवळजवळ दारावरूनच जाते. जुने फर्निचर आणून गराजमध्ये रंगवण्याचे वेड मला याआधीच लागलेले होते. दुकानातले नवे कपाट म्हणजे बहुधा भुसा दाबून केलेल्या फळ्या आणि वर चिकटवलेला लाकडाच्या छपाईचा कागद. एकदा घर बदलले की त्याचे स्क्रू ढिले होतात आणि दुसऱ्यांदा बदलले की ते कपाट राहत नाही. त्याच्या निम्म्या किमतीत अस्सल लाकडाचे, थोडे ओरखडलेले कपाट कोणाच्या तरी अंगणात उन्हात उभे असते. सासूबाईंना मात्र हा सगळा प्रकार लाजिरवाणा वाटत होता. "अगं, परक्याच्या घरातलं वापरलेलं सामान आपण पैसे देऊन आणायचं? पुण्यात जुन्या बाजारात जाताना तुझे सासरे ओळखीचं कोणी दिसतंय का ते आधी बघायचे," असे त्यांनी गाडीत बसतानाच सांगून टाकले होते.

ओहायो नदी ओलांडून केंटकीत शिरल्यानंतरचा बराच वेळ प्लास्टिकची खेळणी, तान्ह्या मुलांचे कपडे आणि नाताळचे सामान पाहण्यात गेला. फ्रँकफर्ट, हॅरॉड्सबर्ग, डॅनव्हिल ही गावे सुंदर आहेत, पण फर्निचरच्या शोधात असलेल्याने तिथे फार रेंगाळू नये, असे माझे मत झाले. रात्री ज्या मोटेलमध्ये उतरलो तिथे त्या आठवड्यापुरते भाडे दुप्पट केलेले होते आणि खोलीला आधीच्या मुक्कामकऱ्याच्या सिगारेटचा वास होता. त्या रात्रीविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

खरा संताप आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. या रस्त्यावर आमच्यासारख्या हौशी लोकांच्या आधी व्यापारी पोहोचतात. कपाळाला बॅटरी बांधून, मोठा ट्रेलर मागे जोडून ते उजाडण्यापूर्वीच अंगणांतून फिरतात, भरीव लाकडाच्या वस्तू उचलतात आणि वीसएक मैल पुढे स्वतःचा तंबू ठोकून त्याच वस्तू तिप्पट भावाने विकतात. सकाळी एका घरासमोर जी झुलती खुर्ची ट्रेलरमध्ये चढताना मी पाहिली होती, तीच दुपारी एका शेतातल्या तंबूत नव्या किमतीची चिठ्ठी लावून बसलेली दिसली. त्यातले काही जण तर रंगवूनही विकतात. पांढरा खडूसारखा रंग द्यायचा आणि मग कोपऱ्यांवर पॉलिश पेपर घासून आतले लाकूड मुद्दाम उघडे पाडायचे, म्हणजे वस्तू जुनी दिसते. जी वस्तू मुळातच ऐंशी वर्षांची आहे तिला जुनी दिसण्यासाठी घासण्याचा हा उद्योग मला अजिबात पटलेला नाही. झिजायचे तर ती जिथे हात लागतात तिथे झिजते, खणाच्या मुठीभोवती, दाराच्या कडेला. चारही कोपऱ्यांना सारखी झीज देणारे घर मी अजून पाहिलेले नाही.

वस्तू पाहताना मी आता रंगाकडे बघतच नाही. खण पूर्ण बाहेर काढून त्याच्या कोपऱ्यांचा सांधा पाहते, कारण एकमेकींत गुंतलेल्या खाचांचा सांधा असेल तर बनवणाऱ्याने मन लावलेले असते आणि नुसते स्टेपल मारलेले असतील तर नसते. वस्तू उलटी करून तळ आणि पाठ पाहते, कारण वरचा पृष्ठभाग खोटे बोलू शकतो, तळ क्वचितच बोलतो. आत डोके घालून वास घेते, कारण बुरशीचा वास रंगाने जात नाही. गादी किंवा कापड लावलेले काहीही मी घेत नाही. शिवणीत ढेकूण असले तर ते घरभर होतात आणि त्यांना घालवण्याचा खर्च सोफ्याच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. हे सगळे मी भर उन्हात गुडघ्यांवर बसून करत असताना नवरा लिंबूसरबताचा ग्लास हातात धरून मी हिला ओळखत नाही अशा चेहऱ्याने उभा असतो.

लिबर्टी आणि रसेल स्प्रिंग्ज यांच्या मध्ये घड्याळ एक तास मागे जाते, कारण तिथे अमेरिकेतली 'सेंट्रल' प्रमाणवेळ सुरू होते. हा फुकट मिळालेला तास आम्ही एका चर्चच्या अंगणात घालवला. तिथल्या बायकांनी सासूबाई मांस खात नाहीत हे कळताच मक्याची कणसे आणि पीचचे तळलेले 'पाय', म्हणजे फळाचे सारण भरलेल्या करंजीसारखा गोड पदार्थ, यांची एक वेगळी थाळी लावून दिली आणि पैसे देऊ केले तर रागावल्या. त्याच रस्त्यावर काही मैल पुढे एका तंबूवर यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणेचा जुना झेंडा फडकत होता आणि तिथे थांबावेसे वाटले नाही. पाहुणचार आणि परकेपणा या दोन्ही गोष्टी या हायवेवर इतक्या जवळजवळ राहतात की माणूस पुरता सैलावतही नाही आणि पुरता आखडूनही राहत नाही. मग वुल्फ क्रीक धरणाच्या भिंतीवरून गाडी घालत आम्ही टेनेसीत उतरलो. केंटकीत एक जेम्सटाउन आहे आणि टेनेसीत दुसरे, दोन्ही याच हायवेवर. ज्या काउंटीतून या बाजाराची सुरुवात झाली, तिचे मुख्य ठिकाण दुसरे.

त्याच्या थोडे अलीकडे पॉल मॉल नावाची वस्ती आहे. पहिल्या महायुद्धातला गाजलेला सैनिक ॲल्विन यॉर्क तिथला. त्याची पिठाची गिरणी नदीकाठी जपून ठेवलेली आहे. ती पाहून पुढे निघालो, तेव्हा एका उतारावरच्या घरासमोर, गवत कापण्याच्या यंत्राच्या आणि रिकाम्या बरण्यांच्या मागे, एक उंच हिरवे कपाट दिसले. दोन दारे, खाली एक लांब खण, आणि दारांमध्ये काचेऐवजी पत्र्याचे चौकोन, ज्यांच्यावर भोके पाडून चांदण्या आणि गोल काढलेले.

"हे तर आपलं दुधाचं कपाट!" सासूबाई गाडीतूनच म्हणाल्या.

त्यांचे बरोबर होते. इथे त्याला पाय सेफ म्हणतात. फ्रीज आणि बर्फाची पेटी येण्यापूर्वी शिजवलेले अन्न, पाव आणि तो गोड 'पाय' अशा कपाटात ठेवत; पत्र्याच्या बारीक भोकांतून हवा खेळे आणि माशा बाहेर राहत. आपल्याकडे पत्र्याच्या जागी जाळी, एवढाच फरक. सासूबाई खाली उतरून सरळ पायांपाशी वाकल्या आणि पाण्याच्या वाट्या कुठे ठेवत असतील ते पाहू लागल्या, कारण मुंग्या दोन्हीकडे सारख्याच असणार. अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना मी हे समजावून सांगितले, तेव्हा त्यांना मनापासून हसू आले आणि त्यांची आजीही पायांखाली पाण्याने भरलेले डबे ठेवायची, असे त्यांनी सांगितले.

कपाट त्या आजीचे होते. खण ओढून पाहिला, सांधे हाताने कापलेले होते. लाकूड ट्युलिप पॉप्लरचे, या भागातले नेहमीचे. मागच्या एका पायाला कीड लागून तो झिजला होता आणि खाली वीट ठेवलेली होती. मी किंमत विचारली.

"काय करणार आहात त्याचं?" त्यांनी उलट विचारले.

मी रंगवणार म्हणाले. त्यांनी टोपी काढली, डोके खाजवले आणि टोपी पुन्हा घातली.

"तसंच ठेवणार असाल तर दीडशे. रंगवणार असाल तर दोनशे."

घासाघीस मी लहानपणापासून पाहत आले आहे. तुळशीबागेत आईच्या शेजारी उभी राहून ती शिकले आहे. पण माझ्या हेतूवरून किंमत ठरवणारा विक्रेता मला पहिल्यांदाच भेटत होता. दीडशे देऊन घरी जाऊन रंगवले असते तर त्यांना कधीही कळले नसते, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. नवऱ्याने मला मराठीत नेमके तेच सुचवले. सासूबाई म्हणाल्या, "त्याच्या आजीचं आहे, खोटं बोलून नेऊ नकोस." मी त्या गृहस्थांना म्हटले की पॉप्लरचे लाकूड रंगवण्यासाठीच वापरत, त्याला स्वतःचा देखणा पोत फारसा नसतो, आणि हा हिरवा रंगही कोणीतरी कधीतरी दिलेलाच आहे. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. "असेल," ते म्हणाले, "पण हा हिरवा मला आठवतो." त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी दोनशे मोजले. त्यांनी नोटा खिशात घातल्या आणि मग शेजारच्या दोन मुलांना हाक मारून ते कपाट आमच्या गाडीत चढवून दिले, त्याला ओरखडा पडू नये म्हणून एक जुनी गोधडीही गुंडाळून दिली. गोधडीचे पैसे घेतले नाहीत.

पुढे जॉर्जिया आणि अलाबामा राहिले ते राहिलेच. गाडीत जागा नव्हती.

घरी आल्यावर पहिले काम शिशाची चाचणी. अमेरिकेत घरगुती रंगांत आणि फर्निचरवरच्या रंगांत शिसे घालण्यावर १९७८ साली बंदी आली, त्यामुळे त्याआधीच्या रंगावर विश्वास ठेवता येत नाही. भारतात रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत ९० भागांची, मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, तेव्हा आपल्याकडच्या जुन्या पाटांना आणि पाळण्यांनाही हाच नियम लावायला हवा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी काडी हिरव्या रंगावर घासली आणि ती लालभडक झाली. आठवणीतला हिरवा तसाच ठेवण्याचा प्रश्न तिथेच संपला. शिशाचा रंग पापुद्रे निघून घरात झडत असेल, तर तो जुन्या वस्तूचे सौंदर्य म्हणून जपण्यात काहीही अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

असा रंग कोरडा घासायचा नाही, गरम हवा सोडणारी हीट गन लावायची नाही. दोन्हींनी विष हवेत जाते. रंग सोडवणारे जेल जाड थापून, वर प्लास्टिक झाकून, तो ओला लगदा खरवडून काढायचा आणि तो घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन द्यायचा. जाड फिल्टरचा मास्क आणि हातमोजे घालून ऑगस्टच्या दमट गराजमध्ये हे काम करणे म्हणजे काय असते, ते सांगून कोणाला पटणार नाही. हिरव्याखाली सायीच्या रंगाचा थर निघाला आणि त्याच्याखाली, लाकडाच्या रंध्रांत घट्ट बसलेला, निळा. तो जेलला दाद देईना. म्हणजे आजीच्या आधीही कोणीतरी हे कपाट रंगवलेच होते.

पत्र्याचे चौकोन बारीक खिळे उपसून वेगळे काढले. किडलेल्या मागच्या पायाला नवे लाकूड जोडले. मग लाखेचा प्रायमर दिला. जुन्या लाकडातले डाग आणि वास पाण्याच्या रंगातून हमखास वर येतात, त्यांना अडवायला लाखेसारखे दुसरे काही मी वापरलेले नाही, आणि ही लाख बहुतेक आपल्याकडच्याच झाडांवरून, झारखंड-छत्तीसगडच्या पळस-कुसुमांवरून जगभर जाते. नवऱ्याला पांढरा रंग हवा होता. मी निळा घेतला, कारण रंध्रांत राहिलेल्या निळ्यावर निळा दिला की एखादा थर कमी लागतो.

त्रास दिला तो पत्र्याने. ब्रश फिरवला की प्रत्येक भोकात रंग भरून बसे आणि वाळला की चांदणी बुजे. हे काम सासूबाईंनी मागून घेतले. गराजच्या दारात खुर्ची टाकून, हातात दाभण घेऊन, प्रत्येक थरानंतर रंग ओला असतानाच त्या एकेक भोक मोकळे करत बसत, आणि फोनवर पुण्याच्या बहिणीला आपण अमेरिकेत काय करतो आहोत ते सांगत. जुन्या सामानाची लाज त्या कोणत्या दिवशी विसरल्या ते मला कळले नाही.

जेल, प्रायमर, रंग, मास्क आणि नव्या बिजागऱ्या धरून वरचा खर्च कपाटाच्या किमतीच्या पुढे गेला. नवऱ्याने तो मांडून दाखवला आणि त्या पैशात दुकानातले नवे कपाट घरपोच आले असते हेही दाखवले. हिशोब बरोबर आहे. भुश्याचे आले असते. सध्या त्यात चादरी आणि लोकरीचे गुंडे आहेत, कारण रंध्रांत अडकलेल्या त्या निळ्यात काय आहे याची खात्री नसताना त्यात खाण्याचे काही ठेवायला मी नकार दिला आहे. सासूबाईंनी मात्र चारही पायांखाली वाट्या ठेवल्या आहेत, त्यांत रोज पाणी घालतात, आणि लोणच्याच्या बरण्यांसाठी वरचा कप्पा मोकळा करून द्यावा म्हणून त्यांचा माझ्याशी वाद चालू आहे.