तुम्ही विचारलंत म्हणून: इंजिनाचे काम घरी करावे की गॅरेजला द्यावे?

घरापुढे बॉनेट उघडून मी काही करत असलो की शेजारी, नातेवाईक आणि नुकतीच गाडी घेतलेली मुले हा प्रश्न हमखास विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा पैशांचा हिशेब असतो. मी मात्र आधी एवढेच पाहतो, की या कामात माझ्या हातून चूक झाली, तर ती मला केव्हा कळेल.

ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलताना काही सैल राहिले, तर इंजिन दोन मिनिटे चालू ठेवून खाली वाकून पाहिले की थेंब दिसतो आणि चूक तिथेच दुरुस्त होते. एअर फिल्टर, स्पार्क प्लग आणि बॅटरीची टर्मिनले यांचेही तसेच आहे, त्यामुळे ही कामे घरी अवश्य करावीत. मात्र ऑइल चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, नट अंगच्या जोराने आवळू नये, कारण ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे लगेच जातात. प्लग थंड इंजिनातूनच काढावेत आणि बसवताना पहिले आटे हातानेच फिरवावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीही शिरू नये, त्यासाठी स्टँड हवेतच. काढलेले ऑइल डब्यात भरून जुने ऑइल घेणाऱ्याकडे द्यावे. इथे कोल्हापुरात गटारात ओतलेले ऑइल जयंती नाल्यातून पंचगंगेत जाते, आणि ती नदी आपलीच आहे.

टायमिंग बेल्टची, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणाऱ्या दातेरी पट्ट्याची, गोष्ट वेगळी आहे. तो काही दात चुकून बसला, तर अनेक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि चूक कळेपर्यंत व्हॉल्व्ह वाकलेले असतात. कॉमन रेल डिझेल गाडीत (जिथे सगळ्या इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून इंधन मिळते) इंधनाचा दाब १००० बारच्या वर जातो. चालू इंजिनाची ही इंधनाची नळी सैल केली, तर निघणारी धार कातडी भेदून आत शिरते. या दोन कामांना मी हात लावत नाही.

हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवर झाकणासारख्या बसणाऱ्या भागाच्या, बाबतीत मात्र मी चुकलो, म्हणून ते सविस्तर सांगतो. काही वर्षांपूर्वी वैभववाडीहून करूळ घाट चढून गगनबावड्याकडे येताना रेडिएटरचा होज फुटला आणि तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला. गाडी बाजूला घेण्याइतकी जागा मिळेपर्यंत मी आणखी दोन वळणे चढलो, आणि तेवढ्यात हेड आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामध्ये बसणारी हेड गॅसकेट गेली. दुसऱ्या दिवशी ऑइलची पट्टी ओढली, तर ऑइल दुधाच्या चहासारखे झाले होते, म्हणजे त्यात पाणी मिसळले होते. माझ्याकडे पाने होते, ठरावीक जोराने आवळण्याचा टॉर्क रेंच होता, गाडीचे मॅन्युअल होते. मी हेड उतरवले, नवी गॅसकेट घातली, नवे बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने टप्प्याटप्प्याने आवळले, आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. दीड महिन्याने रेडिएटरचे पाणी पुन्हा कमी होऊ लागले.

तेव्हा हेड पुन्हा उतरवून पोत्यात गुंडाळले आणि उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत, नेले. तिथल्या मिस्त्रींनी ते पुसून उलटे ठेवले, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पोलादी पट्टी तिच्या धारेवर उभी केली आणि मागे बल्ब धरला. मधल्या दोन सिलिंडरांच्या मध्ये पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ दिसत होती. फट मोजण्याच्या फिलर गेजचे ०.१० मिलिमीटरचे पान त्या फटीत सहज सरकले. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा ०.०५ दिलेली होती. "आवळलंय बरोबर, पण फेसच वाकलाय की," एवढेच ते म्हणाले. फेस म्हणजे हेडचा गॅसकेटवर बसणारा पृष्ठभाग, आणि माझ्या बोटांना तोच आरशासारखा सपाट लागला होता.

तेव्हापासून ज्या कामात मोजमाप डोळ्यांच्या आणि बोटांच्या पलीकडचे असते, ते मी मोजण्याची साधने असलेल्या माणसाकडे नेतो. त्यासाठी सगळी गाडीच गॅरेजला द्यावी लागते असेही नाही. ऑइल इंजिने आणि ओतकामाच्या कारखान्यांभोवती ही विद्या आपल्याकडे इतकी मुरली आहे, की हेड फेसिंग (फेस सपाट करणे), बोअरिंग आणि होनिंग (सिलिंडर आतून कातणे व घासणे), क्रँक ग्राइंडिंग (क्रँकशाफ्ट घासणे) अशी कामे उद्यमनगरात सुटीसुटी करून मिळतात, आणि गॅरेजवालेही हेड तिकडेच पाठवतात. ज्याला पान्याची सवय आहे, त्याने उतरवण्याचे आणि चढवण्याचे काम स्वतः करावे व मधले काम तिथे द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. फेसिंगआधी हेडला कुठे तडा आहे का, हे दाबाखाली तपासून घ्यावे, नाहीतर तडकलेल्या हेडवर खर्च होतो. गाडी वॉरंटीत असेल, तर मात्र यातले काहीच घरी करू नये.

ज्यांना हेड उतरवण्याची सवय नाही, त्यांनी निःसंकोच गॅरेजला जावे, पण किल्ली देतानाच दोन गोष्टी सांगाव्यात: फेसवर पट्टी लावाल तेव्हा मला बोलवा, आणि जुनी गॅसकेट टाकू नका. ती कोणत्या दोन सिलिंडरांच्या मध्ये जळाली, हे तिच्यावरच्या काळ्या डागावरून दिसते, आणि पट्टीखालचा उजेड बहुधा त्याच जागी असतो.