हरवलेलं ‘ते’

स्पेनमधल्या वालेन्सियाच्या मेर्कादो सेंत्रालमध्ये, म्हणजे 1928 साली उघडलेल्या तिथल्या मोठ्या मंडईत, मी एकदा ऐटीत ‘दोस किलोस दे नारांखोस’, म्हणजे माझ्या मते दोन किलो संत्री, मागितले. फळवालीचा हात तागडीवरच थांबला. “रेइना (म्हणजे राणी, इथल्या फळवाल्या सगळ्यांनाच म्हणतात), झाडं लावणार कुठे?”

नारांखा म्हणजे संत्रं, स्त्रीलिंगी. नारांखो म्हणजे संत्र्याचं झाड, पुल्लिंगी. सफरचंदाचंही तेच, मान्साना फळ आणि मान्सानो झाड. त्यातून शब्द मूळचा आपल्याकडचा! संस्कृतातलं नारंग फारसी-अरबीतून फिरत फिरत स्पेनला पोचलं. माहेरच्या माणसानेच फजिती केली म्हणायची.

स्पॅनिशच्या वर्गात पहिल्या दिवशी मी निर्धास्त होते. आपल्याकडे तीन लिंगं, इथे दोनच. शेजारचा इंग्रज ‘खुर्ची बाई कशी?’ म्हणून डोकं धरून बसलेला. मला त्यात नवल काय? दमले तर मी ‘कान्सादा’, दमला तर नवरा ‘कान्सादो’, हे तर घरातलंच.

अडलं भलतीकडेच. घर, दार, टेबल, दूध, पाणी, पुस्तक... माझं निम्मं घर ‘ते’ निघालं, आणि स्पॅनिशमध्ये नपुंसकलिंगी नामच नाही. पुस्तक ‘तो’ झालं, बाकी सगळ्या ‘ती’. बरं, शेवटी ओ तर पुल्लिंगी, आ तर स्त्रीलिंगी, हा नियम तरी धरावा? पुल्लिंगी नामाआधी ‘एल’ लागतं, स्त्रीलिंगीआधी ‘ला’; तर हात म्हणजे ‘ला मानो’, आणि दिवस ‘एल दिआ’. ‘एल प्रोब्लेमा’चं (म्हणजे अडचण) कारण कळलं तेव्हा मात्र मजा वाटली. असे ‘मा’वाले पुष्कळ शब्द ग्रीकमधले, आणि तिथे ते नपुंसकलिंगी होते. म्हणजे आमचीच मंडळी, इथे येऊन पुरुष झालेली.

पाण्याने सगळ्यात छळलं. ‘एल आग्वा’ म्हणायचं, पण गार पाणी ‘फ्रीआ’, स्त्रीलिंगीच. आघात (उच्चारातला जोर) असलेल्या आ-ने सुरू होणाऱ्या स्त्रीलिंगी नामाआधी एकवचनात ‘ला’ चालत नाही. हा ‘एल’ म्हणजे जुन्या स्त्रीलिंगी ‘एला’चा झिजलेला तुकडा. पुरुषी दिसतो, इतकंच. बाईंचा सल्ला एकच: शब्द सुटा पाठ करू नका, एल-लासकट करा.

आणि मग एक दिवस फळ्यावर ‘लो’ आलं. ‘लो दिफीसिल’. वर्ग गोंधळला, मी मनात म्हटलं, अरे, हे तर ‘अवघड ते’! पाठोपाठ ‘एस्तो’ म्हणजे हे, ‘एसो’ म्हणजे ते. नामांतून हद्दपार झालेलं ‘ते’ असं कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं.

आता मंडईत लिंग आठवलं नाही की मी बोट दाखवते आणि ‘एसो’ म्हणते. फळवाली पिशवी भरता भरता विचारतेच, “झाडं नकोत ना आज?”