उलटं फिरलेलं चाक

काकांचा फोन आला तेव्हा त्यांची जिप्सी इंदूरजवळ सिमरोलच्या पुढे भेरूघाटात उभी होती. "फोर बाय फोर निघतच नाहीये रे. इथला एक मेकॅनिक म्हणतो, ट्रान्सफर केस गेली, टोचन करून न्या आणि खोला." फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर, आणि तो पुढेमागे वाटून देणारी पेटी म्हणजे ट्रान्सफर केस.

चोरलकडे काकांची शेती आहे. पावसाळ्यात तिथली काळी माती चाकांना अशी धरते की ट्रॅक्टरवालासुद्धा बांधावर थांबून आधी अंदाज घेतो. त्यासाठीच त्यांनी १९९८ ची जिप्सी किंग जपून ठेवली आहे. तेराशे सीसीचं पेट्रोल इंजिन, पुढेमागे पाट्यांच्या स्प्रिंगा, पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब, म्हणजे चाक ॲक्सलला जोडायची-सोडायची चकती. मारुतीने २०१९ मध्ये जिप्सी बंद केली. आमच्या गॅरेजला येणारे जिप्सीवाले तेव्हापासून गाडी विकण्याचं नावही काढत नाहीत, आणि मला ते पटतं. पाना हातात घेणाऱ्याला ही गाडी सगळं उघड दाखवते, काही लपवत नाही.

मी आणि गॅरेजमधला आमचा पोरगा इंदूरच्या रामबागेतून हत्यारं घेऊन निघालो. जिप्सी चहाच्या टपरीपाशी सपाट डांबरावर उभी, लीव्हर ४एच वर, म्हणजे फोर बाय फोरवर. पोरगा आत चढला आणि दोन्ही हातांनी लीव्हर ओढायला लागला. त्याला लगेच थांबवलं. अडकलेला लीव्हर जोर लावून ओढला की आतला गिअर सरकवणारा फोर्क वाकतो, आणि मग केस खरोखरच खोलावी लागते. हबची चकतीही 'फ्री'कडे तसूभर हलत नव्हती. लीव्हर आणि दोन्ही हब असे सगळे एकदम अडकले, म्हणजे बिघाड त्यांच्यापैकी कशातच नाही. कुठेतरी पीळ बसलाय, हे मला तिथेच कळलं.

मग टायर बघितले. पुढचे जुने, २०५/७० आर १५. मागचे कोरे, २१५/७५ आर १५.

"मागचे मोठे घातले की ग्रिप वाढते, असं टायरवाला म्हणाला," काका म्हणाले.

हे ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण असा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्याची किंमत गाडी मोजते. जिप्सीला पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन्हीकडे वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नाही. ४एच टाकलं की दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे ॲक्सलपर्यंत जोर नेणारे दांडे, एकमेकांना घट्ट बांधले जातात आणि सारख्याच वेगाने फिरतात. आता हिशोब बघा. २०५/७० चा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर, २१५/७५ चा ७०३. म्हणजे एक किलोमीटर जायला पुढच्या चाकाला ४७६ फेरे लागतात आणि मागच्याला ४५२. हे चोवीस फेरे कुठेतरी जिरायला हवेत. चिखलात चाकं घसरतात, तिथे फरक जिरतो, कुणाला कळतही नाही. सुकलेल्या डांबरावर चाक घसरत नाही. शाफ्ट, त्यांच्या सांध्यातले क्रॉस, गिअरचे दात, पाटे हे सगळं ओला टॉवेल पिळावा तसं पिळलं जातं.

त्यात हा घाट. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबून जातात, म्हणजे त्यांना आणखी फेरे हवे असतात. टायरचा फरक आणि वळणाचा फरक एकाच दिशेचे, दोन्हींची बेरीज झाली. काकांनी नदीकाठी चिखलात ४एच टाकलं होतं आणि घाटात गाडी पक्की धरून चालते म्हणून तसंच ठेवलं होतं.

एरवी मी आधी दहा-पंधरा फूट सरळ रिव्हर्स घ्यायला सांगतो, बहुतेकदा तेवढ्याने पीळ सुटतो. पण मागे एक ट्रक अगदी खेटून बंद पडला होता, आणि जिप्सी पुढे घेतली असती तर पीळ वाढलाच असता. म्हणून गिअर न्यूट्रलला ठेवला, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावले आणि पुढच्या डाव्या चाकाखाली जॅक घेतला. काकांना आणि पोराला लांब उभं केलं. अशा वेळी चाकाजवळ हात नेणं म्हणजे बोटं गमावणं.

टायर दबलेला होता तो हळूहळू गोल झाला, मग नुसता टेकल्यासारखा राहिला. जॅकचा आणखी एक फेरा दिला आणि 'ठण्ण' असा आवाज होऊन चाक जागच्या जागी झटक्याने फिरलं. चार-सहा बोटंच, पण मागच्या दिशेने.

"उस्ताद, ये तो उल्टा घूमा!" पोरगा ओरडला.

उलटंच फिरायला हवं होतं. पुढची चाकं रस्त्याने ओढून जास्त फिरवली होती, शाफ्ट त्यांना मागे खेचत होता. चाक अधांतरी झाल्याबरोबर शाफ्टने ते परत घेतलं. चाक पुढे फिरलं असतं तर मला वेगळं कारण शोधावं लागलं असतं. या एका झटक्याने टायरचा आणि वळणांचा अख्खा हिशोब खरा ठरवला. त्यानंतर लीव्हर दोन बोटांनी २एच ला, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर, आला, हब चिमटीत फिरले. काका काही न बोलता लीव्हर पुढेमागे करून बघत राहिले.

टू व्हीलवर गाडी इंदूरला आणली. तरी मी सोडली नाही, कारण एवढा पीळ सोसल्यावर काहीतरी झिजतंच. ट्रान्सफर केसचं ऑइल काढून बोटांत चोळलं, धातूचा कण नव्हता. पण पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसभोवती विटकरी रंगाची पूड दिसली. टोपी उघडली तर आतल्या सुया कोरड्या आणि गंजलेल्या. नवा क्रॉस टाकला, गनने चारही टोप्यांतून ग्रीस बाहेर दिसेपर्यंत भरलं.

टायरचं मात्र मी काकांना स्पष्ट सांगितलं: चारही एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, आणि झीजही सारखी. ते ऐकून काकांनी स्टेपनी उतरवून माझ्यासमोर ठेवली. ती तिसऱ्याच मापाची होती. मग पाच टायर घेतले.