एकाचे दोन

व्हिडिओ एडिटिंगच्या ॲपमधलं सगळ्यात नाटकी बटण म्हणजे स्प्लिट. कुठे त्यावर कात्री असते, कुठे उभ्या रेघेने चिरलेली चौकट. दाबताना हात जरा आखडतोच. आणि दाबल्यावर होतं काय? काहीच नाही. व्हिडिओ चालवून पाहा, आधी चालायचा तसाच चालतो. टाइमलाइनवर, म्हणजे खाली व्हिडिओ आडव्या पट्टीसारखा मांडलेला असतो तिथे, एका पट्टीच्या दोन झालेल्या असतात, एवढंच.

गॅलरीतल्या मूळ फाइलला तर याचा पत्ताही नसतो. ॲप नुसतं टिपून ठेवतं: इथवर पहिला तुकडा, इथून पुढे दुसरा. म्हणूनच नको म्हणून उडवलेला तुकडाही शेजारच्या पट्टीची कड ओढली की मुकाट बाहेर येतो. सिनेमे फिल्मवर निघायचे तेव्हा ही चैन नव्हती. ३५ मिमीच्या फिल्मवर फुटाला १६ फ्रेम, म्हणजे सुटी स्थिरचित्रं, आणि सेकंदाला २४; म्हणजे एक सेकंद दीड फूट लांब! तो खरोखर कापायचा, दुसऱ्याला चिकटपट्टीने जोडायचा आणि उरलेले तुकडे टांगून ठेवायचे, कारण उद्या विचार बदलला तर तेच हुडकत बसावं लागणार. मूळ निगेटिव्हला कात्री लागायची ती सगळं पक्कं ठरल्यावर, अगदी शेवटी.

आपल्याकडे अन्डू आहे, पण जागा शोधायची कसरत काही चुकलेली नाही. मोबाइलवर कुठे कापलं जाणार ते दाखवणारी रेघ मधोमध ठाण मांडून बसते आणि तिच्याखालून पट्टी बोटाने ओढावी लागते. नेमकी जागा सापडली म्हणून बोट उचलावं, तर पट्टी जाता जाता केसभर सरकतेच. मग दोन बोटांनी ती ताणायची, अगदी एकेक फ्रेम सुटी होईपर्यंत. अशा वेळी फोन अडखळतो, पण त्याला बोल लावू नये. फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक अख्खं चित्र, आणि बाकी बहुतेक ठिकाणी काय बदललं याची नुसती नोंद. मधली फ्रेम दाखवायची तर बिचाऱ्याला मागच्या अख्ख्या चित्रापासून हिशेब जुळवत यावं लागतं.

इतकं ताणून पाहिलं की माणसं भलतीच मजेशीर दिसतात. बोलायच्या आधी केवढी ती तयारी! नजर आधी स्क्रीनवरच्या स्वतःकडे, मग लेन्सकडे. ओठांवरून जीभ फिरते, भुवया चढतात, खांदे उचलले जातात, छातीत हवा भरते आणि मग कुठे ‘नमस्कार’ येतो. आवाजाच्या आलेखात हा ‘नमस्कार’ टेकडीसारखा उभा दिसतो, आणि बहुतेक जण बरोबर टेकडीच्या पायथ्याशी स्प्लिट मारतात. मला ते पटत नाही. श्वास कापला की माणूस कळ फिरवल्यासारखा बोलायला लागतो. पाच-सात फ्रेम अलीकडे कापा. तेवढी हवा आत जाऊ द्या.

पण रील्सच्या जमान्यात हे ऐकतो कोण? प्रत्येक ‘अं’, प्रत्येक ‘म्हणजे’ छाटून वाक्याला वाक्य भिडवतात. बोलणाऱ्याचं ठीक आहे, पाहणाऱ्यालाच धाप लागते. वर दर जोडावर डोकं टुणकन उडी मारतं. त्यावरची युक्ती मात्र झकास आहे: पुढचा तुकडा थोडा झूम करायचा, म्हणजे ती उडी मुद्दाम मारल्यासारखी वाटते. गाण्यावर कापणं त्यामानाने सोपं. मिनिटाला १२० ठोके असतील तर अर्ध्या सेकंदाला एक, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत दर १५ फ्रेमला कापा.

शेपटाचा तुकडा मात्र मी बघितल्याशिवाय उडवत नाही. बोलणं संपलेलं असतं, हसू उतरलेलं असतं आणि रेकॉर्डिंग बंद करायला एक अवाढव्य पंजा लेन्सकडे येत असतो. एरवी तो डिलीटच होतो. पण समोर आजोबा असतील आणि त्या पंजाआडून ते विचारत असतील, “झालं ना? परत नाही ना करायचं?” तर बाकीचा व्हिडिओ छाटावा लागला तरी चालेल.